सर्टिफिकेट भिंतीवर, सून स्वयंपाकघरात

पत्राचा सारांश : मराठवाड्यातल्या साडेतीन हजार वस्तीच्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणारी एकोणतीस वर्षांची, डी.फार्म झालेली, लग्नाला चार वर्षं. सासऱ्यांचं गावात बावीस वर्षांपासून मेडिकल आहे आणि आसपासच्या पाच वाड्यांना तेवढं एकच. आधी तालुक्याच्या एका फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्यानं आणून दुकान चालायचं. लग्नानंतर ते उतरवून हिचं लावलं. ती स्वतः दुकानात बसते दुपारी तासभर, तेही सासरे जेवायला घरी येतात म्हणून. एरवी काउंटरवर सासरे आणि बारावी झालेला धाकटा दीर. ताप म्हटलं की चिठ्ठी नसतानाही अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या, अंगदुखीला ‘पॉवरची पुडी’ आणि पुडीत स्टेरॉइड. रात्री शटर ओढताना शॉर्टसर्किटच्या भीतीनं मेन स्विच बंद, म्हणजे फ्रीजही बंद. गेल्या महिन्यात एक आजी ‘इन्सुलिन लागत नाही, साखर उतरत नाही’ म्हणत परत आल्या. सासऱ्यांनी त्यांना दुसऱ्या कंपनीचं दिलं. हिला कारण कळलं, पण ती बोलली नाही. सासऱ्यांना ती मामा म्हणते. तिचं म्हणणं असं : ‘मामा वाईट नाहीत. रात्री दोनला कुणी दार वाजवलं तरी उठतात, उधारीसाठी कुणाच्या मागे लागत नाहीत. गरीब गावात शहराचे नियम कसे पाळायचे? नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गावात जाणार. पण उद्या काही झालं तर नाव माझं. बोलले तर घरात वाद, गप्प राहिले तर झोप नाही.’ खाली सही, ‘भिंतीवरची फार्मासिस्ट’.

सही वाचून आधी हसू आलं. पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र नाही आलं.

तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येते, पण त्याआधी एक काम आहे. हे वाचता वाचताच उठा आणि त्या आजींच्या घरी जा. ‘दुसऱ्या कंपनीचं दिलं’ एवढंच तुम्ही लिहिलंय, आणि मला तिथेच धडकी भरली. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलीत ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या. सिरिंजही वेगळ्या : ४०ची लाल टोपणाची, १००ची केशरी. आजींकडे जुनी लाल टोपणाची सिरिंज असेल आणि नवी बाटली १००ची गेली असेल, तर त्या नेहमीसारखं वीसच्या रेघेपर्यंत भरतील आणि अंगात वीसऐवजी पन्नास युनिट जाईल. तेव्हा बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून बघा. इन्सुलिनचा प्रकार पहिल्यासारखाच आहे का, तेही बघा. घाम सुटतो का, हातपाय थरथरतात का, मध्यरात्री भूक लागून जाग येते का, विचारा. जुळत नसेल तर बाटली परत घ्या आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. मामांना विचारून मग जायचं, असं हे काम नाही.

गेलात? बरं.

आता फ्रीज. तुमच्या पत्रात तो ओझरता आलाय, पण तुमच्या दुकानातली सगळ्यात मोठी चूक मला तिथेच दिसते. इन्सुलिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, काही डोळ्यांचे थेंब ही सगळी २ ते ८ डिग्रीत राहणारी मंडळी. रात्री नऊला मेन बंद आणि सकाळी आठला चालू, म्हणजे अकरा तास. मे महिन्यात तुमच्याकडे दिवसा पारा ४२च्या वर जातो, बंद दुकानात रात्रीही उकाडा कोंडून राहतो. त्यात गंमत अशी की बिघडलेलं इन्सुलिन बऱ्याचदा दिसायला अगदी चांगल्यासारखंच असतं. दूध नासलं की कळतं, ह्याचं कळत नाही. उलट प्रकारही होतो. सकाळी फ्रीज जोरात सुरू करायचा म्हणून बटण सातवर फिरवलं की फ्रीजरला टेकलेल्या बाटल्या गोठतात, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही निकामी ते निकामीच. आजींची साखर नेमकी कशानं उतरली नाही ते मी इथे बसून सांगणार नाही. डोस, जेवण, एकाच जागी टोचून पडलेली गाठ, काहीही असेल. पण ‘आमच्या दुकानातून चांगलंच गेलं होतं’ असं आज तुम्हाला छातीठोकपणे म्हणता येत नाही. आणि कंपनी बदलून उपयोग काय? नवी बाटलीही त्याच फ्रीजमधली.

इथे मामांशी वाद घालायची गरजच नाही. त्यांची शॉर्टसर्किटची भीती खरी आहे, जुन्या वायरिंगची दुकानं जळालेली त्यांनी पाहिली असतील. वायरमनला बोलावून फ्रीजला वेगळी लाईन आणि वेगळा एमसीबी घ्या, बाकीचा मेन खुशाल बंद करा. काही शे रुपयांत डिजिटल थर्मामीटर मिळतो, जो दिवसातलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान लक्षात ठेवतो. तो मधल्या कप्प्यात ठेवा, आकडे सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. बाटल्या दारात नकोत, मागच्या भिंतीला चिकटून नकोत, आणि फ्रीजमध्ये दही, कोल्ड्रिंक, दिराच्या चॉकलेटी काहीही नको, कारण मग दार दिवसातून साठ वेळा उघडतं. लाईट गेली तर दार बंदच ठेवायचं, आत बर्फाचे पॅक आधीच घालून ठेवायचे. ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांना वापरातली बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माठाजवळच्या ओल्या वाळूत बसवलेल्या छोट्या मडक्यात ठेवायला सांगा. पाणी नाही, नुसतं थंड मडकं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे, त्यापुढे नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर तुम्हीच पेननं घालून द्या.

आता तुमचं ते वाक्य, ‘गरीब गावात शहराचे नियम कसे पाळायचे’. ह्या वाक्यापाशी जरा थांबू या. औषधांचा कायदा १९४०चा आणि त्याखालचे नियम १९४५चे, म्हणजे शहरातल्या एसी मेडिकलच्या किती तरी आधीचे. खेड्याला सवलत द्यावी असं जिथे वाटलं तिथे नियमांनी ती दिलीय. हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, कापूस, पट्ट्या अशा घरगुती वस्तू लायसन्सशिवायही विकता येतात. ही सवलत अँटिबायोटिकला नाही, स्टेरॉइडला नाही आणि तुमच्या साडेतीन हजारांच्या गावाला तर नाहीच. चुकीच्या गोळीचा धोका पुण्याच्या माणसाइतकाच गावच्या माणसालाही आहे. फक्त गावात गोळी चुकली तर पुढचं हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर असतं. म्हणजे काळजी इथे जास्त घ्यायला हवी. आणि स्वस्त पडतं हे तरी खरं का? दोन गोळ्यांचे चाळीस रुपये, चार दिवसांनी पुन्हा चाळीस, आठवड्यानं तालुक्याची गाडी, सलाईन, मजुरी बुडाली ते वेगळंच. उधारीच्या वहीत एकाच घराच्या नोंदी सलग बघा, तुम्हालाच दिसेल.

‘नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल.’ काही जाईल. खोटं कशाला सांगू. पण नुसतं ‘नाही’ म्हणून माणूस परत पाठवायचा, असं कुणी सांगितलंय? ताप आलेल्याला पॅरासिटामॉल द्या, किती तासांनी आणि दिवसात किती ते सांगा, तीन दिवसांत उतरला नाही तर कुठे जायचं ते सांगा. लेकराला जुलाब असतील तर ओआरएसची पुडी आणि झिंक. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पेल्यात नव्हे, आणि झिंक चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. ओआरएस म्हणून रंगीत गोड ज्यूसचे खोके देऊ नका. तसलं नाव लावायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५मध्ये बंदीच घातलीय, पण जुना माल फिरत असतो. चिठ्ठी लागणारच असेल तर ई-संजीवनी ह्या सरकारी सेवेवर डॉक्टर फुकट भेटतो, फोनवर बोलतो, चिठ्ठी फोनवर येते. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताईही ते जोडून देतात. त्यांची एकदा गाठ घ्या. दुकानातल्या खुर्चीवर बसून गिऱ्हाइकाला तो फोन लावून दिलात, तर ते शेजारच्या गावात कशाला जाईल? खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर मात्र अँटिबायोटिक अजिबात नको. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळीनं टीबीच्या माणसालाही चार दिवस बरं वाटतं आणि रोगाचं निदान महिनाभर लांबतं. थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट आहे, तिकडे पाठवा.

शेड्यूल एच-वनचं, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांचं, रजिस्टर तुमच्या दुकानात आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे बहुधा नसावं. १ मार्च २०१४पासून ते सक्तीचं आहे. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, टीबीची औषधं अशी नावं त्यात आहेत, सुरुवातीच्या यादीत ४६ होती. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, हे लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. औषध निरीक्षक आले की हेच आधी मागतात. पण त्यांच्यासाठी म्हणून लिहायला गेलात तर आठवड्यात कंटाळाल. कुणाला काय दिलं ते स्वतःला कळावं म्हणून लिहा.

आता पुडी. ह्या बाबतीत तुम्हाला घाई करू नका असं सांगणार आहे, आणि त्याला कारण आहे. जी माणसं सहा-आठ महिने रोज ‘पॉवरची पुडी’ घेतायत, त्यांचं शरीर बाहेरच्या स्टेरॉइडवर विसंबलेलं असतं. आतल्या ग्रंथींनी स्वतःचं काम कमी केलेलं असतं. तुम्ही तावातावानं सोमवारपासून पुड्या बंद केल्यात तर एखादा म्हातारा गुरुवारी चक्कर येऊन शेतात पडेल. तेव्हा नव्या माणसाला पुडी आजपासून नाही. जुन्यांची यादी करा, आणि एकेकाला नाव घेऊन डॉक्टरकडे पाठवा, पुडीत काय होतं ते कागदावर लिहून. हो, लिहून. डॉक्टरला ते कळलं नाही तर तो डोस कमी कसा करत नेणार? साखर वाढलेली, चेहरा सुजलेला, जराशा धक्क्यानं मणका दबलेला, अशी माणसं तुमच्या यादीत निघतील. गजकर्णावर देतात ती तीन औषधांची मिसळ असलेली मलमं ह्याच जातकुळीची. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते आणि गजकर्ण घरभर पसरतं.

मी दुसऱ्यांवर बोट ठेवून बोलतेय असं वाटायला नको, म्हणून माझी एक गोष्ट सांगते. नोकरीचं दुसरं वर्ष. एका छोट्या दवाखान्याच्या मेडिकलमध्ये होते, बाजाराचा दिवस, काउंटरवर पाच-सहा हात एकदम पुढे. सांधेदुखीच्या एका बाईंची चिठ्ठी, मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही होतं. मी पाकिटावर सवयीनं लिहिलं, ‘रात्री १’. सहाव्या दिवशी बाई आल्या, तोंड आतून सोललेलं, पाणीही गिळवेना. रोज एक घेत होत्या, मी लिहिलं होतं तशी. त्या वाचल्या, कारण सहाव्या दिवशी आल्या. पंधराव्या दिवशी आल्या असत्या तर काय, ह्याचा विचार मी अजूनही करते. तेव्हा माझं सर्टिफिकेट भिंतीवर होतं, मीही काउंटरवर होते, शिक्षण होतं, तरी हे घडलं. आता बारावी झालेल्या तुमच्या दिराचा विचार करा. पोरगा हुशार असेल, पण सांधेदुखीला मेथोट्रेक्सेट रोज देत नाहीत हे त्याला कुणी सांगितलंय? आणि तुम्ही त्या वेळी कुठे असता, भाकरी थापत?

माझ्या मते तुमच्या पत्राचा खरा प्रश्न हा आहे. १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं, त्याच्या नावाच्या फ्रेमनं नव्हे. भाड्याच्या सर्टिफिकेटच्या जागी घरचं आलं, एवढाच काय तो बदल तुमच्या दुकानात झाला. तुम्ही ‘मामांना कसं सांगू’ असं विचारताय, पण पत्रभर नवऱ्याचा उल्लेखच नाही. तो कुठे असतो? तुम्ही दुकानात पाच तास बसायचं ठरवलंत तर घरचं कोण बघणार, हे बोलणं आधी त्याच्याशी व्हायला हवं. सासूबाईंशीही. मामांशी होणारं बोलणं औषधांचं आहे, ते त्यामानानं सोपं.

त्यांना ‘तुमचं चुकतंय’ म्हणू नका. बावीस वर्षं रात्री दोनला उठणाऱ्या माणसाला ते लागेल, आणि लागावं असं मलाही वाटत नाही. वेळ मागा : सकाळी नऊ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. गर्दी तेव्हाच असते. चिठ्ठीची औषधं एका कपाटात घ्या, किल्ली तुमच्याकडे. तुम्ही नसताना कपाट बंद, बाकी दुकान चालू. चिठ्ठी घेऊन आलेल्यानं तुम्हाला घरून बोलावून घ्यायचं, घर किती लांब आहे? मामांना आणखी एक सांगता येईल. २०२५च्या शरदात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपनं वीसहून अधिक लेकरं दगावली, कित्येकांवर उपचार नागपुरात चालले होते. तेव्हा आपल्या अन्न व औषध प्रशासनानं त्या बॅचची विक्री थांबवायला सांगितलं. उद्या असाच निरोप आला तर त्या बॅचच्या बाटल्या आपण घेतल्या होत्या का आणि कुणाला दिल्या, हे मामांना सांगता येईल? स्कीममध्ये बिलाशिवाय आलेल्या मालाचं तर अजिबातच नाही. बिल, बॅच, एक्सपायरी ही भांडणाची गोष्ट वाटत नाही, हिशेबाची वाटते, आणि जुना दुकानदार हिशेबाचं ऐकतो. संशयास्पद माल आला तर प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा फोन आहे, औषधाचा त्रास झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४.

पट्टी कापून देण्याबद्दल : कापा, लोकांना तीनच गोळ्या परवडतात हे मलाही माहीत आहे. पण ज्या टोकाला बॅच आणि एक्सपायरी छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत दुकानात राहू द्या, आणि सुट्या गोळ्या नुसत्या हातावर ठेवू नका. छोटं कागदी पाकीट, त्यावर नाव, एक्सपायरी, कशासाठी. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढा, सूर्याखाली एक टिंब म्हणजे सकाळी एक. एक्सपायर झालेला माल वेगळ्या खोक्यात, ‘विक्रीसाठी नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहून. पत्र्याखालच्या वरच्या फळीवर औषधं नकोत, तिथे डायपर ठेवा.

आणि ह्यातलं काहीच झालं नाही तर? तीन-चार महिने मनापासून करून पाहा. तरीही कपाटाची किल्ली तुमच्याकडे येत नसेल, तर तुमचं नाव काढून घेतल्याचं प्रशासनाला लेखी कळवण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यानं दुकान बंद पडू शकतं, पाच वाड्यांची सोय जाते, घरात काय होईल ते मी सांगायला नको. म्हणून ही धमकी म्हणून कुणापुढे ठेवू नका. पण दार आहे एवढं माहीत असू द्या. तुमच्यासारख्या कितीतरी डी.फार्म झालेल्या सुना-मुली आणि भाड्यानं सर्टिफिकेट देणारी पोरं हे वाचत असतील. त्यांना माझं सांगणं : महिन्याचे जे काही हजार हातात पडतात, त्यात न पाहिलेल्या प्रत्येक गोळीची जबाबदारी धरलेली असते.

मामांच्या उधारीच्या वहीबद्दल राहिलंच. ती एकदा नीट वाचा. कोण दर महिन्याला बीपीच्या गोळ्या नेतं, कुणी दोन महिने नेल्याच नाहीत, कोणत्या घरात दर पावसाळ्यात दमा उठतो, सगळं तिच्यात आहे. शहरातली दुकानं ह्याच माहितीसाठी सॉफ्टवेअर घेतात. बीपीची गोळी मध्येच सोडलेल्यांची नावं काढायला मामांनाच बसवा. त्यांना चेहरे आठवतात, तुम्हाला डोस कळतात. निदान त्या एका संध्याकाळी तुम्ही दोघं काउंटरच्या एकाच बाजूला बसाल.

सुरुवात बाजाराच्या दिवशी नको. आणि थर्मामीटर आणलात की पहिल्या सात रात्रींचे आकडे मला कळवा, मेन बंद असतानाचे दोन आणि वेगळी लाईन घेतल्यावरचे पाच.